बिनहाताची लाल खुर्ची

मी एक जुनी, बिनहाताची, लाल प्लास्टिकची खुर्ची आहे. मित्रांनो, हसू नका. डोंबिवलीच्या एका शाळेच्या बास्केटबॉल मैदानावर माझा मान मोठा आहे.

मूळची मी मांडववाल्याकडची. एका लग्नात नवरीचे मामा माझ्यावर असे काही टेकले की माझा एक हात मोडला. शाळेचे शिपाई काळुरामकाका मला मागून घेऊन आले आणि त्यांनी दुसराही हात कापून टाकला. "आता सारखी दिसते," म्हणाले. मला फार वाईट वाटलं होतं.

पण मला हात नाहीत, मी कुणाला पकडू शकत नाही, म्हणूनच मंजुळा मॅडमनी मला निवडलं. मुलींना खेळ शिकवताना त्या मला बास्केटसमोर उभी करत. मुली टप्पे मारत येत आणि मला चुकवून जात. एखादी धडकली की मॅडम विचारत, "सांग, फाऊल कुणाचा? खुर्चीचा?"

मग दिवा गावाहून संचिता आली, कबड्डी खेळलेली. कुणी अंगावर आलं की तिचे हात आपोआप पकडायला जात.

"मॅडम, ती आलेली ना माझ्याकडे? सोडू कशी?"

"अगं, इथे पकडायचं नसतं. आधी जागेवर पोहोच. तिच्याकडे तोंड, दोन्ही पाय जमिनीवर, हात सरळ वर. मग तिला येऊ दे. खुर्ची हो."

पोर महिनोन्महिने माझ्या शेजारी उभी राहिली.

अंतिम सामना आमच्याच मैदानावर, टिटवाळ्याच्या संघाशी झाला. मॅडम माझ्यावर बसल्या होत्या. शेवटचे काही सेकंद, आम्ही एका गुणाने पुढे, आणि संचिताचे चार फाऊल झालेले. पाचवा झाला की ती बाहेर आणि समोरच्यांना दोन फ्री थ्रो, म्हणजे दोन गुणांची संधी. त्यांची उंच श्रिया बॉल घेऊन सुसाट आली. संचिता तिच्या आधी वाटेत पोहोचली, पाय रोवले, हात वर केले. पकडायची सवय असलेले ते हात खाली आले नाहीत. श्रिया थेट तिच्या छातीवर आदळली. संचिता पाठीवर पडली आणि शिट्टी वाजली.

पंचांनी मूठ तळहातावर आपटली. फाऊल श्रियाचा होता. बॉल आमचा, सामनाही आमचा.

संचिता उठली ती धावत माझ्याकडेच आली. "मॅडम, मी खुर्ची झालेले ना?" मॅडमनी हसून मान डोलावली. त्या दिवशी मला मामांचाही राग उरला नाही.

आता माझ्या एका पायाला तडा गेला आहे. संचिताने त्यावर चिकटपट्टी गुंडाळली आहे आणि मी अजून कामावर आहे. मित्रांनो, कुणी आपल्या जागेवर गप्प उभं असेल तर त्याला धक्का देऊ नका. चुकून लागलाच, तर त्याला उचलून पुन्हा त्याच जागी उभं करा.