कोपऱ्यावरचा भोंगा

तपासनीसांच्या मोटारसायकलला गल्लीत भोंगा म्हणत. तोंडावर नाही अर्थात. त्यांना तोंडावर काही म्हणायची गल्लीत कुणाची प्राज्ञा नव्हती. टू-स्ट्रोकची ती जुनी गाडी कोपऱ्यावर वळली, की आधी आवाज यायचा, मग निळा धूर यायचा आणि सगळ्यांत शेवटी तपासनीस यायचे. लोक आवाज ऐकून वाळत घातलेले कपडे आत घ्यायचे, म्हणजे ते धुराच्या तावडीत सापडायचे नाहीत.

तपासनीस बरण्यांच्या कारखान्यात झाकणं तपासत. झाकणावर टिचकी मारायची आणि आवाजावरून सांगायचं, नीट बसलंय की हवा खातंय. आपल्या कानांचा त्यांना फार अभिमान होता. दुसरा अभिमान घराचा. "आमच्याकडे सगळे अबोल आहेत," ते कारखान्यात सांगत. "मी घरी जातो तेव्हा टाचणी पडली तरी ऐकू येईल." आणि ते खरंच होतं. ते दारात पाऊल टाकत तेव्हा बायको स्वयंपाकघरात असायची, सून पुस्तकात, मुलगा फोनमध्ये आणि आई डोळे मिटून पलंगावर. खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीत दुसऱ्या कुणी बसायचं नाही असा घरात नियम होता. ती खुर्ची मात्र रोज कोमट लागायची. खिडकीतून ऊन येत असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. खिडकीसमोर शेजाऱ्यांची उंच भिंत होती, पण एवढ्या खोलात कोण शिरतो.

तसल्या गाड्या बनायच्या कधीच बंद झाल्या होत्या. सिग्नलला तपासनीस थांबले की आजूबाजूच्या मोटारींच्या काचा भराभर वर जात. पण क्वचित एखादा पिकल्या केसांचा माणूस आपली नवी, गुपचूप चालणारी गाडी शेजारी आणून लावायचा, डोळे मिटून तो धूर छातीभर ओढून घ्यायचा आणि म्हणायचा, "अशीच होती हो आमची." सिग्नल सुटायचा, मागचे हॉर्न वाजवायचे आणि तो तसाच उभा असायचा. अशा दिवशी तपासनीस घरी येऊन चहाला नावं ठेवत नसत.

मग धुराची तपासणी सक्तीची झाली. तपासणीवाल्यानं सायलेन्सरमध्ये नळी घातली, यंत्राकडे पाहिलं, यंत्राला एक थापट मारली आणि पुन्हा पाहिलं.

"काका, एवढा आकडाच नाहीये यात."

आयुष्यभर झाकणं नापास करणारा माणूस पडेल चेहऱ्यानं घरी आला. घरात मात्र आनंदीआनंद झाला. बायकोच्या केसांना, उशांना, साखरेलासुद्धा इतकी वर्षं त्या धुराचा वास होता. मुलानं आणि सुनेनं लगोलग विजेवर चालणारी स्कूटर आणून दारात उभी केली. "ही चालू आहे की बंद?" तपासनीसांनी विचारलं, विचारता विचारता मूठ पिळली, आणि उत्तर शेजाऱ्यांच्या कुंडीला मिळालं.

पहिल्या संध्याकाळी ते कारखान्यातून त्या स्कूटरवर घरी आले तेव्हा कोपऱ्यावरच्या कुत्र्यानंही मान वर केली नाही. हा त्यांना जरा अपमानच वाटला. गाडी लावून ते दाराकडे वळले आणि खिडकीतून हसण्याचा असा गडगडाट ऐकू आला, की आपण चुकून दुसऱ्याच्या घरी आलोय असं वाटून ते दोन पावलं मागे सरले. मग त्यांनी हळूच आत डोकावलं.

त्यांची आई, जिला पलंगावरून उठवायला एरवी दोघं लागत, कपाटाला धरून एका पायावर उभी होती. दुसऱ्या पायानं ती हवेत किक मारत होती. "फट्... फट्... फुस्स." मग खाली वाकून, नाक आक्रसून, हुबेहूब तपासनीसांच्या आवाजात: "माझ्या प्लगला कुणी हात लावला?" मुलगा पोट धरून लोळत होता. सुनेच्या हातातले पत्ते गळून पडले होते. आणि त्यांची बायको त्यांच्याच खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती आणि तोंड उघडून अशी हसत होती, की लग्नाला इतकी वर्षं होऊन तपासनीसांनी तिची अक्कलदाढ आज पहिल्यांदा पाहिली.

"आजी, हळू. बाबा येतील," सून म्हणाली.

"भोंगा वाजला का? नाही ना? मग वाट पत्ते."

मुलाचं हसू हळूहळू मावळलं. "आजी," तो म्हणाला, "भोंगा आता वाजणारच नाहीये. आपणच नाही का नवी गाडी आणली?"

चौघांनी एकदम खिडकीकडे पाहिलं, पण तपासनीस तेवढ्यात खाली वाकले होते. आईचा पाय अजून हवेतच होता.

आतली पळापळ थांबल्यावर तपासनीस आत आले. "चहा," ते म्हणाले, आणि घरात टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

खरं तर त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायला हवा होता. झाला नाही. आईनं नक्कल केली त्याचं त्यांना काही वाटलं नाही. नक्कल चोख होती. वाईट याचं वाटलं, की या घरात रोज एवढं हसू पिकत होतं आणि त्यातलं चिमूटभरही त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. ते आपले बाहेर सांगत हिंडत होते, आमच्याकडे सगळे अबोल आहेत म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून ते कारखान्यातून लगबगीनं निघायला लागले. घराजवळ आले की चोरपावलांनी खिडकीखाली उभे राहायचे. पण आत चिडीचूप. भोंगा नाही म्हटल्यावर माणूस कुठल्या क्षणी दारात उभा राहील याचा नेम उरला नव्हता. त्यामुळे चौघं दुपारपासूनच दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसावं तसे बसून असत. खुर्ची गार पडली होती.

घरच्यांचाही जीव मेटाकुटीला आला होता. बायकोनं एके दिवशी स्कूटरला घंटी बांधली. "लोकांना गाडी ऐकू येत नाही," ती म्हणाली. "कुणाला धक्का लागायचा एखाद्या वेळी." घंटी रहदारीत बुडून गेली. मग आई पलंगावरून म्हणाली, "येताना मोठ्यानं गाणं म्हणत येत जा रे. छातीला चांगलं असतं."

तपासनीसांना सगळं कळत होतं. शेवटी सुट्टीच्या दिवशी त्यांनी जुनी गाडी ढकलत मिस्त्रीच्या गॅरेजात नेली.

"काका, ही धुरानं नाही, लाडानं नापास झाली," मिस्त्री म्हणाला. "पेट्रोलमध्ये ऑइल मापानं घालायचं असतं. तुम्ही ओतता."

"तिला कमी पडू नये म्हणून."

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. सायलेन्सर भाजून काढल्यावर आतून बादलीभर काजळी निघाली. पिस्टनच्या रिंगा कुठल्याशा जुन्या दुकानाच्या माळ्यावर सापडल्या; यापुढे मिळतील अशा भ्रमात राहू नका, असं दुकानदारानं बजावून दिल्या. "आवाजही थोडा कमी करून देऊ का?" मिस्त्रीनं विचारलं.

"आवाजाला हात लावायचा नाही," तपासनीस अशा सुरात म्हणाले, की मिस्त्रीनं पाना खाली ठेवला.

गाडी काठावर पास झाली. त्या संध्याकाळी भोंगा पुन्हा कोपऱ्यावर वाजला. तपासनीसांनी तिथेच थांबून मूठ चांगली पिळली, गल्लीतले कपडे आत जाऊ दिले, टाकी दोनदा उगाचच पुसली आणि मग सावकाश घरी आले. सगळे जागच्या जागी होते. ते खुर्चीत बसले. खुर्ची कोमट होती. बायको स्वयंपाकघराच्या दारात पातेलं ढवळत उभी होती. घाईत तिच्या हातात डावाऐवजी चौकटची राणी आली होती.

"मुद्दाम थांबलो होतो कोपऱ्यावर," तपासनीस म्हणाले. "तुम्हाला आवरायला वेळ मिळावा म्हणून."

पातेल्यातली राणी ढवळता ढवळता थांबली.

"म्हणजे त्या दिवशी तुम्ही..." बायको म्हणाली.

"खिडकीतून पाहिलं सगळं. आई, माझा पाय एवढा वर जात नाही."

"तरुणपणी जायचा," आई डोळे न उघडता म्हणाली.

"मला वाटायचं, आपल्याकडे कुणाला हसताच येत नाही." तपासनीसांचा आवाज जरा हवा खायला लागला. "मला ते परत ऐकायचंय. बाकी काही नाही."

ऑर्डर दिल्यासारखं हसायचं म्हणजे अवघडच. मुलानं घशातून कसलासा आवाज काढून पाहिला, सुनेनं त्याला कोपर मारलं. आईनं एक डोळा उघडला. "असं सांगून हसू येतं का रे? आणि डाव अर्धा राहिलाय. तू जा बघू, एक चक्कर मारून ये."

तपासनीस मुकाट्यानं उठले. किक मारली, पुन्हा मारली, गाडी भडभडली, आणि ते निघाले. खिडकीपाशी वेग कमी करून त्यांनी मान वाकडी केली, कान लावला. इंजिनाशिवाय काही म्हणजे काही ऐकू येईना. या गाडीवर बसून घरातलं हसू कधीच ऐकू येणार नव्हतं. झाकणातली हवा ओळखणाऱ्या कानांच्या हे इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं.

कोपऱ्यापलीकडे जाऊन त्यांनी गाडी बंद केली आणि हातांनी ढकलत परत फिरले. गल्लीला चढ होता. भोंगा न वाजता भोंगा येतोय हे पाहून शेजारीपाजारी खिडक्यांत जमले. तपासनीसांनी ओठांवर बोट ठेवून अख्ख्या गल्लीला गप्प केलं. खिडकीखाली पोचले तेव्हा शर्ट घामानं भिजला होता. आत पत्ते पिसल्याचा आवाज येत होता, आई काहीतरी सांगत होती, आणि मध्येच बायको अक्कलदाढेपासून हसली. हँडलवर रेलून तपासनीस ऐकत राहिले.

"थांबा," आई एकदम म्हणाली. "बाहेर कुणीतरी धापा टाकतंय."

आत शांतता पसरली. तपासनीसांनी श्वास रोखून धरला. पण त्या वयात, त्या चढानंतर, तो कितीसा रोखणार, फस्सकन सुटला. आणि आत असं हसू फुटलं, की या वेळी ते कुणाला थांबवता येईना.

"ये रे आत," आई म्हणाली. "सूनबाई, पाच जणांत वाट."

"पण खुर्ची मिळायची नाही हं," बायकोनं आतूनच बजावलं.

तपासनीस आत गेले, जमिनीवर बसले आणि त्यांनी आपले पत्ते उचलले.