न दिलेली ओळख

आमच्या धाकट्या नातीला घरात सगळे रेडिओ म्हणतात. दारात कुरियरवाला आला तरी त्याच्या सासूच्या गुडघेदुखीपर्यंत गप्पा मारते. एकदा तिची बडबड ऐकून भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. खोटं वाटत असेल तर घड्याळालाच विचारा.

तर थोरलीने लग्नासाठी पसंत केलेला मुलगा पहिल्यांदा घरी आला आणि रेडिओ एकदम गप्प. खाली मान घालून चहा ठेवला नि आत पळाली. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. धाकटी मनाच्या डॉक्टरांकडे काउंटरवर बसते. पेशंट बाहेर दिसला तर त्याने आधी ओळख दिल्याशिवाय आपण द्यायची नाही, असा तिथला नियम.

तो गेल्यावर मी तिला ओट्यापाशी गाठलं.

"सख्ख्या बहिणीच्या जन्माचा प्रश्न आहे. हा तुमच्या डॉक्टरांकडे येतो का? बोलू नकोस, नुसती मान हलव."

"मानसुद्धा नाही हलवणार, आजी. येतो असं म्हणत नाही, येत नाही असंही म्हणत नाही."

एवढं बोलली आणि कप विसळता विसळता रडायलाच लागली. ताईवर जीव टाकते हो ती. पण तोंड उघडलं नाही. मी रागाने अबोला धरला. सात जन्म टिकला असता, पण जेवताना मीठ मागावं लागलं.

पुढच्या खेपेला तो आला, तेव्हा मीच सुरू केलं. म्हटलं, माझी उशी माझ्याशी भांडायची, म्हणून मी मनाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मला सोडून उशीलाच गोळ्या दिल्या. तो इतका हसला की बशीत चहा सांडला. मग बशी खाली ठेवली आणि थोरलीकडे वळला.

"मी खरंच जातो तिथे. बाबा गेल्यापासून. तुला सांगायचं होतं, धीर होत नव्हता." मग धाकटीला म्हणाला, "त्या दिवशी घरी जाऊन फोनची वाट बघत बसलो होतो, आता सगळं मोडणार म्हणून. तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत. म्हणून आज तोंड उघडलं. फार उपकार झाले."

थोरलीने त्याचा कप उचलला. "दुसरा चहा आणते. मग गॅलरीत बसून पहिल्यापासून सांग."

मी धाकटीला जवळ ओढलं. म्हटलं, "वाचवलंस गं बाई. तू सांगितलं असतंस, तर मी चहा गार व्हायच्या आत गल्लीभर केलं असतं. त्या पोराने परत आपल्या दारात पाऊल टाकलं नसतं."

रेडिओ लगेच सुरू. "आजी, उशीला कसल्या गोळ्या दिल्या गं?"

"ते मी सांगत नसते," मी म्हटलं. "उशीने अजून ओळख दिलेली नाही."