झग्याचं टोक

“आणि मग त्या दिवशी फादर मथायसांचा चेहरा उजळला, असं लोक सांगतात. तुम्ही तर वेदीजवळच होता ना, अम्मा?” फादर आलोकने मोबाइल टेबलावर पुढे सरकवला. आवाज टिपला जात होता.

“हाव. जवळच व्हते की,” गौरम्मा म्हणाली.

उदगीरच्या या लहानशा चर्चमध्ये पंचेचाळीस वर्षांपूर्वी फादर मथायस नवेनवे धर्मगुरू होऊन आले, दोन वर्षं राहिले. पुढे जगभर त्यांचं नाव झालं. आता ते वारल्यावर त्यांना संत ठरवायची खटपट चालली होती, आणि असल्या कामाला सगळं लेखी लागतं. तेव्हाची माणसं एकेक करून गेली. उरली ती स्वयंपाक आणि झाडलोट करणारी गौरम्मा.

फादर मथायस मिस्सा, म्हणजे वेदीवरची उपासना, करता करता ध्यानात हरवायचे. प्रसादाची भाकर वर उचलली की तसेच उभे, हाका मारल्या तरी ऐकू जायच्या नाहीत. तेव्हाच्या थोरल्या फादरांनी गौरम्माला कामच लावून दिलं होतं: मथायस असा हरवला की मागून त्याचा झगा ओढायचा. ती ओढायची. ते दचकायचे, लाजून हसायचे आणि मिस्सा पुढे चालू व्हायची. तिला ते भाजीला फोडणी देण्याइतकं अंगवळणी पडलं होतं. अजूनही वेदीवर कुणी भाकर उचलली की तिची मूठ आपोआप आवळते.

“त्या दिवशी ते दोन तास उभे होते म्हणे. तुम्ही ओढलं नाहीत?”

गौरम्माने पदराने तोंड पुसलं. हे तिला आजवर एकाच माणसाने विचारलं होतं.

“माझी आरती मागं स्वैपाकघरात पडून व्हती. पाच वर्साची. तापानं लई फणफणलेली. मिस्सा झाली की फादर तिला जीपमधी लातूरला नेणार व्हते. धरला की मी झगा. पन वाटलं, देवाजवळच गेलेत, तर लेकीचं बोलूनच येतील. म्हून सोडला.”

फादर आलोकचा हात मोबाइलकडे गेला आणि मागे आला.

“दोन तासांनी जीप निघाली, गावाभाईर पोचली अन् पोर गेली. दुसऱ्या दिशी ते माझ्यापुढं भुईवर बसले. म्हनले, गौरम्मा, मला ओढलं का न्हाईस?”

“मग?”

“मग काय. मलाबी इचारायचं व्हतं, तिथं आरतीचं बोललात का? धीर झाला न्हाई. महिन्यात बदली मागून गेले.” तिने मोबाइलकडे पाहिलं. “हे लिवा, न्हाईतर पुसून टाका. मानूस चांगलं व्हतं.”

संध्याकाळी तिने चर्चमधलं काचेचं कपाट उघडलं. आत फादरांचा झगा टांगलेला आहे. मागून खाली एके ठिकाणी तो विरला आहे. प्रार्थनेला गुडघे टेकून विरला, असं पाटीवर लिहिलंय. गुडघ्यांनी मागची बाजू कशी विरेल, हे आजवर कुणाला सुचलं नाही. बाहेरगावची माणसं येऊन काचेला ओठ लावतात.

गौरम्माने धूळ झटकली. दाराकडे एकदा पाहिलं. मग ते विरलेलं टोक मुठीत धरलं आणि ओढलं.

हँगर हलला, थांबला. ती बराच वेळ तशीच उभी राहिली. मग तिने कपाट लावलं आणि काचेवरचे ओठांचे डाग पुसायला घेतले.