टेकडी माझी होती

मी पायदळातला लाकडी शिपाई बोलतोय. हल्ली माझा मुक्काम शिवणयंत्राच्या खणात, बटणांच्या गर्दीत असतो. पण एके काळी माझा थाट काही औरच होता.

एका सुताराने मोडक्या खुर्चीच्या पायातून मला कोरलं, आपल्या मुलांना लढाईचा खेळ हवा म्हणून. मुलगी थोरली, मुलगा धाकटा. नियमही सुतारानेच घातले. माझं बळ दोन, घोड्याचं चार. पण मी टेकडीवर चढलो की एक वाढे, शेजारी झेंडा आला की आणखी एक, ढोल आला की आणखी एक. टेकडीचा फायदा मात्र फक्त पायदळाला.

धाकट्याने हे सगळं माझ्याच पदरात टाकलं. घोडे येत आणि तोंडघशी पडून परत जात. "टेकडी लढतेय रे, हा नुसता उभा आहे," असं ताई चिडवायची. मला तिचा भारी राग यायचा. धाकटा मला सदऱ्याच्या टोकाने पुसायचा. वाटायचं, हाच आपला माणूस.

पुढे तो घड्याळं दुरुस्त करू लागला, ती कपडे शिवू लागली. सुतार गेला आणि प्रश्न आला पुढच्या खोलीचा. घरातला उजेड काय तो तिथेच, आणि दोघांचंही काम डोळ्यांचं. भांडण नको म्हणून ताईच म्हणाली, "डाव मांडू. जिंकेल त्याची खोली."

त्या दिवशी धाकट्याने मला टेकडीवरून उचलून उघड्या मैदानात ठेवलं. झेंडा आणि ढोल घोड्याला दिले, आणि टेकडीवरही घोडाच चढवला! मी आमिष होतो. ताईही आता खेळात मुरली होती. झेंडा, ढोल घेऊनच तिचा घोडा आला आणि मी आडवा झालो. माझा भाला तुटला. लगेच धाकट्याचा घोडा तिच्यावर चालून गेला. बळ सारखं, आणि बरोबरीत हल्ला करणारा हरतो. पण धाकटा शांतपणे म्हणाला, "झेंड्याचा एक, ढोलाचा एक, टेकडीचा एक. ताई, गेलीस तू."

माझी टेकडी त्याने घोड्याच्या नावावर लावली! ओरडावंसं वाटलं, पण लाकडाला कुठला आवाज?

ताई पटाकडे बघत राहिली. मग यंत्र मागच्या खोलीत ओढू लागली. जाताना मला उचललं. "हा घेऊ का रे?"

"घे की. त्याचं काय काम आता!"

डाव तुम्हीही मांडत असाल. एवढंच करा, ज्याला आमिष करायचं, त्याला आधी लाडाने पुसू नका.

मागच्या खोलीत दिवसाही दिवा लागतो. परवा सुईत दोरा जाईना, तेव्हा ताईने बटणांतून मला उचलून तळहातावर घेतलं.

"घोड्याला टेकडी नसते, हे मला काय माहीत नव्हतं?" ती म्हणाली. "मी वाट बघत होते रे. वाटलं, तोच म्हणेल, 'ताई, चुकलं माझं.'"