दणकेबाबांच्या घरातलं वेळापत्रक

त्या घरात हळू बोलणं कुणाला ठाऊकच नव्हतं. पुढच्या खोलीत पत्र्याचं काम. बादल्या, डबे, पेट्या, पाव भाजायचे ट्रे. पत्रा बोलायला लागला की माणसाला त्याच्या वर आवाज चढवावा लागतो, आणि एकदा चढलेला आवाज कुणाचा खाली येतो? सासरे जन्मभर हातोडा चालवून कानाने अधू झालेले. गल्ली त्यांना दणकेबाबा म्हणे. सासूबाईंनी साधं ‘चहा झाला’ म्हटलं तरी शेजारघरचे उठून बसत. नवरा व्हॅनमधून माल पोचवी. तो फोनवर बोलू लागला की वाटे, याला फोन हवा कशाला?

आणि हे घर सुनेच्या एमबीएच्या प्रवेश परीक्षेसाठी कुजबुजायला शिकलं होतं.

तिने नोकरी सोडून अभ्यास करायचं बोलून दाखवलं, तेव्हा तिला वाटलं होतं, आता घरात आकाश कोसळणार. पण दणकेबाबांनी घास गिळला, पाणी प्यायले आणि म्हणाले, “शिकू दे. माझ्या ठणठणाटात गणितं कशी सुटतील तेवढं बघा. पोरी, तू एक कर. कुठल्या वेळी शांतता हवी ते लिहून भिंतीला लाव. त्या वेळी या घरात पत्रा हलणार नाही.”

तिने वेळापत्रक आखलं. मोठा कागद, पट्टी, रंगीत पेन्सिली. सकाळी टक्केवारी, दुपारी उतारे, दिवेलागणीला तर्काची कोडी, रविवारी सराव परीक्षा. झालेला चौकोन हिरवा करायचा. कागद भिंतीला लागला तेव्हा घरातले सगळे येऊन पाहून गेले, नव्या बाळाला पाहावं तसे.

पहिल्या सकाळी पुस्तक उघडलं आणि पहिलंच गणित रुसून बसलं. तिला वाटलं, आखणीच चुकली. डोकं ताजं असताना उतारे घ्यावेत. म्हणून नवं वेळापत्रक. मग वाटलं, आधी तर्क, मागून टक्केवारी. पुन्हा नवं. नाचता येईना आणि अंगण वाकडं. तिने अंगणच तीनदा सारवून काढलं. रेघा सुरेख येत होत्या. रेघा मारताना अभ्यास केल्याचं सगळं सुख मिळे आणि अभ्यासाचा त्रास तेवढा नसे.

एके दिवशी सासूबाई चहा ठेवायला आल्या. भिंतीवरचा कोरा चौकोन पाहून त्यांचा चेहरा उतरला. सवय नसलेल्या गळ्यातून फाटकी कुजबुज निघाली, “आज बरं नाही का गं तुला?”

त्या गेल्यावर तिने तो चौकोन हिरवा केला. एकच तर. उद्या भरून काढू. पण उद्याला उद्याचे चौकोन होते. हिरवळ पसरत गेली. पेरलं काही नव्हतं, तरी शेत डोलत होतं.

अशाच एका दुपारी नणंद माहेरी आली होती. पलंगावर मांडी घालून ती कागद न्याहाळत राहिली.

“वहिनी, तुमचं नशीब बाई थोर. माझ्या दहावीला बाबांचा हातोडा एक दिवस थांबला नव्हता. कानात कापूस कोंबून वाचायचे मी. आईने हाक मारली तरी ऐकू यायचं नाही, मग धपाटा यायचा.” ती हसली, पण हसू ओठांवरच राहिलं. “तुमच्यासाठी मात्र सगळं गार. असो. कुणाच्या तरी कामी आलं. टक्केवारी सगळी झाली ना? हिरवी दिसतेय.”

“झाली,” ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला उष्ट्या भांड्यासारखा वाटला.

तेवढ्यात पुढच्या खोलीत पावभट्टीवाला आला. या घराचं जुनं गिऱ्हाईक. त्याच्या भट्टीतला एकूण एक ट्रे दणकेबाबांच्या हातचा.

“काय दणकेबाबा, हात थकला म्हणायचा का? नव्या ट्रेंना नाही कसं म्हणालात? शेवटी पलीकडच्या पत्रेवाल्याला दिलं काम. पण मनाला लागलं हो. मी म्हटलं, भांडण झालं की काय आपलं?”

“हळू बोल रे बाबा!” दणकेबाबांना वाटत होतं आपण कुजबुजतोय; भिंतीला सगळं ऐकू येत होतं. “एवढे ट्रे दिवसभर ठोकल्याशिवाय वेळेत व्हायचे नाहीत. आणि दिवसभर ठोकता येत नाही. आत सून अभ्यासाला बसते. शब्द दिलाय मी.”

नणंदेने वर पाहिलं. तिला ठाऊक नव्हतं. सुनेलाही नव्हतं. तिच्या हातातल्या पेन्सिलीचं टोक हिरवं होतं आणि ते लपवायला जागा नव्हती.

“ये, ये, तुला दाखवतो,” म्हणत दणकेबाबा पावभट्टीवाल्याला हाताला धरून थेट आत घेऊन आले. दोघेही पाय न वाजवता, देवघरात शिरावं तसे. बाबांनी काळवंडलेलं बोट कागदावर टेकवलं. “बघ. हिरवं म्हणजे झालेलं. निम्म्याच्या वर पोचली पोर. ट्रे काय, पुढच्या साली करू. हे थोडंच पुढच्या साली होणार?”

“शाब्बास!” पावभट्टीवाला म्हणाला.

ती उभी होती. धरणी दुभंगून पोटात घेते असं म्हणतात. फरशी काही दुभंगेना.

“बाबा,” ती पुटपुटली, “हिरवं खरं नाही.”

“आं?” दणकेबाबांनी कानामागे हात धरला. चेहऱ्यावर तेच कौतुक.

“अभ्यास झालेला नाही, बाबा.”

“काय म्हणते ही?” त्यांनी लेकीला विचारलं. लेक खाली बघत राहिली. जे सांगायचं ते जिचं तिनेच सांगायला हवं होतं.

या घरात खरं बोलायचं तर मोठ्याने बोलण्यावाचून सुटका नव्हती. तिने श्वास घेतला आणि ओरडली, “मी अभ्यास केलेला नाही! नुसते चौकोन रंगवले! एक धडासुद्धा पुरा झालेला नाही!”

गल्ली गप्प झाली. समोरची खिडकी उघडली. स्वयंपाकघरातून धावत आलेल्या सासूबाई दारातच थांबल्या, हात ओलेच. पावभट्टीवाला म्हणाला, “येतो मी,” आणि चपला हातात घेऊनच बाहेर पडला.

दणकेबाबांचं बोट अजून कागदावर होतं. त्यांनी ते सावकाश उचललं, जणू रंग ओला आहे. मग पुढच्या खोलीत जाऊन बसले.

ती वाट बघत राहिली. आता हातोडा पडेल. तो पडायलाच हवा होता. पण पत्रा मुका तो मुकाच. शेवटी तीच गेली. बाबा अर्धवट झालेली बादली मांडीवर घेऊन बसले होते.

“ठोका ना, बाबा,” ती त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाली.

“तुझी वेळ कधी संपते?”

“आता कसली वेळ!”

“मी शब्द तुझ्या चौकोनांना दिला नव्हता,” ते तिच्याकडे न बघता म्हणाले. “तुला दिला होता.”

रागावले असते तर तिला बसायला जागा मिळाली असती. ही शिक्षा उभ्याने भोगायची होती. ती आत गेली, पुस्तक घेऊन आली आणि त्यांच्यासमोर उलट्या डब्यावर बसली. पहिलं पान काढलं.

“तुम्ही ठोकल्याशिवाय मी हे पान वाचणार नाही.”

“ऐकू येईल का वाचलेलं डोक्याला?”

“ताईंना येत होतं.”

दारात उभ्या असलेल्या नणंदेने आईचा ओला हात धरला. दणकेबाबांनी लेकीकडे पाहिलं, बराच वेळ, आणि मग त्यांचीही मान खाली गेली. हातोडा उचलून त्यांनी पत्र्यावर ठेवला. ठोका कसला, बाळाला थोपटणं ते.

“बाबा, असा पत्रा वाकतो का?”

मग दणका बसला. कानात घंटा वाजली, अक्षरं थरथरली. तिने पहिलं गणित वाचलं. काही कळलं नाही. दुसरा दणका. तिने ते पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं, आता मोठ्याने.