गेरूच्या खाली बोअर न्हाय

लासुर्ण्याच्या माळावरच्या, ओढ्यालगतच्या सामाईक विहिरीत संजीवनी सकाळी आठला उतरली आणि तळाला, घोटाभर पाण्यात, फतकल मारून बसली. मांडीवर पहार आडवी. वर बोअरची गाडी उभी, यारीच्या दोराला मशीन टांगलेलं, आणि काठावर तिचा धाकटा दीर दादासाहेब कपाळाला हात लावून. चांगला दिवस उजाडला होता म्हणायचा!

भांडण साधं होतं. विहीर दोघांची, निम्मी-निम्मी. यंदा दादासाहेबानं चार एकर ऊस वाढवला, पाणी पुरेना, म्हणून विहिरीच्या तळाला दोनशे फुटांचं उभं बोअर मारायचं त्यानं ठरवून टाकलं. वहिनीला विचारणं दूरच, सांगितलंसुद्धा नाही. गाडी बांधावरून येताना दिसली तेव्हा हिला कळलं. तव्यावरची भाकरी तशीच टाकून ती पळाली. सातबाऱ्यावर तिचं नाव होतं ते काय शोभेला?

ह्या विहिरीचा प्रत्येक थर तिच्या डोक्यावरून वर आला होता. बावीस वर्षांपूर्वी नवरा खाली सुरुंग लावायचा आणि ही पाट्या वाहायची. आधी मुरूम, मग हात सोलवटणारा काळा पाषाण, मग भोकाभोकांचा मांजऱ्या खडक. त्या मांजऱ्यातून पाणी सुटलं. त्याच्या खाली विटेसारखा तांबडा गेरू लागला आणि नवऱ्यानं काम थांबवलं. म्हणाला, ही परात हाय, हिला भोक पाडायचं न्हाय. तो जाऊन सहा वर्षं झाली. विहीर एकाही उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत पडली नाही.

दादासाहेबाची पोरगी प्रतिक्षा बारामतीला कॉलेजात दगडमातीचंच शास्त्र शिकते. तिनं गेल्या दिवाळीत काकूला सगळं उलगडून सांगितलं होतं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं ना ऊस होता ना माणूस. जमीन फाटून तापलेला रस उतू जायचा, कोसच्या कोस पसरायचा आणि थिजून काळा दगड व्हायचा. मग हजारो वर्षं सगळं शांत. ऊनपावसानं त्या दगडाची माती व्हायची. तिच्यावर पुन्हा रस यायचा आणि ती भट्टीत घातल्यासारखी भाजून निघायची. तोच हा गेरू. संजीवनी ऐकून हसली होती. नवरा चौथी नापास, पण बोलला होता बरोबर!

पोरीनं हे बापालाही सांगितलं होतं. पण बाप मोबाइलवरून मोटार चालू करणारा. विहिरीत तो दहा वर्षांत उतरला नव्हता. शेजारच्या संभाजीनं गेल्या साली असंच उभं बोअर मारलं आणि आठ दिवसांत विहिरीचं पाणी खाली निघून गेलं. तरी दादासाहेबाचं आपलं एकच, संभाजीचं नशीबच फुटकं.

आधी त्यानं वरून गोड बोलून पाहिलं, मग दम दिला, मग चारचौघांत शोभा करताय म्हणाला. शेवटी ओरडला, की मी माझ्या निम्म्यात मारतोय.

"तुमच्या निम्म्यातनं माझंबी पाणी जाईल, भावजी," संजीवनी खालून म्हणाली. "मारायचंच आसंल तर माझ्या अंगावर मशीन सोडा."

मशीनवाल्यानं सरळ सांगून टाकलं, बाई उठल्याशिवाय मी हात लावणार नाही. अकरा वाजले. ऊन तळाला आलं. संजीवनीचे पाय पाण्यात पांढरे पडले, कंबर भरून आली. चौघांनी उतरून उचललं तर आपण काय करणार, ही भीतीही होतीच. पण राग भीतीहून मोठा होता. हाडं झिजवून काढलेली विहीर, आणि एका दुपारीत तिची चाळण करायला निघालेत!

अखेर दादासाहेब पायऱ्या उतरून आला, तणतणतच. तिनं त्याला आधी भिंत दाखवली. मांजऱ्यातून बारीक पाणी पाझरत होतं आणि नेमकं तांबड्या रेघेवर येऊन थांबत होतं. मग ती उठली, तिनं कडेला पहार घातली आणि गेरूचं नारळाएवढं ढेकूळ उचकटलं. वरून चिंब. दगडावर आपटून तिनं त्याचे दोन तुकडे केले आणि एक त्याच्या हातात कोंबला.

आतून तो कोरडा ठणठणीत होता. दादासाहेबानं अंगठ्यानं चोळला, तर भुकटी वाऱ्यावर उडाली.

"बावीस वर्सं पाणी डोक्यावर घिऊन बसलाय ह्यो," संजीवनी म्हणाली. "थेंब खाली जाऊ दिला न्हाय. आता ही पहार घ्या आन् तुमच्या हातानं भोक पाडा. मशीन कशाला?"

तिनं पहार पुढं केली. ती घ्यायला त्याचा हात काही उठला नाही. चुकलो असंही तो म्हणाला नाही, तसं म्हणणाऱ्यांतला तो नव्हताच. भिंतीवरच्या तांबड्या रेघेवरून त्यानं तळवा फिरवला आणि मान वर करून मशीनवाल्याला ओरडला, "आडवं बोअर घ्या, भिंतीत! वड्याच्या अंगाला, मांजऱ्यात. गेरूच्या वर."

एवढं बोलून तो पायऱ्या चढायला लागला. अर्ध्यावर थांबून म्हणाला, वहिनी, आता तरी वर या.

संजीवनी पुन्हा गेरूवर बसली. मशीनचं तोंड भिंतीकडं वळलेलं डोळ्यांनी बघेपर्यंत ती तिथून हलणार नव्हती.