शेवट कोणी सांगेना

तो बॉक्सिंगचा सिनेमा आला आणि आमच्या ऑफिसात दोन तट पडले. मिहानच्या आयटी पार्कातलं आमचं काम दिवसभर कानाला हेडफोन लावून करायचं, त्यामुळे एकमेकांशी भांडायला फारसा वाव नसतो. या सिनेमानं ती सोय केली. रितिकाचं म्हणणं, नुसती रडारड आहे. आई रडते, बहीण रडते, कोच तर उठता-बसता रडतो, मग मुक्के मारायला वेळ कुणाला मिळणार? जितेंद्र दोनदा पाहून आला होता, दोन्ही वेळा रडला होता, आणि मोठा पराक्रम केल्यासारखा ते सांगत फिरत होता. मनीषनगरला घरी यावं तर लिफ्टमध्येही तोच विषय. खालच्या मजल्यावरच्या चारुलताकाकूंना हिरो आवडला होता, पण हिरोची आई हिरोहून तरुण दिसते ही त्यांची तक्रार होती. ज्यांनी आयुष्यात रिंग पाहिली नाही त्यांना हिरोचं फुटवर्क कच्चं वाटत होतं. माझ्या डोक्यात तिडीक जायची. तरी मी तोंड उघडलं नाही, कारण एकदा उघडलं असतं तर मला थांबता आलं नसतं.

एका बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत होतं. शेवट कुणी सांगत नव्हतं. कुणाला तो भयंकर आवडला होता, कुणाला अजिबात पटला नव्हता, पण विचारलं की 'तू स्वतःच पाहा' म्हणून मोकळे. मोबाइलवर सिनेमाची परीक्षणं करणाऱ्यांचंही तेच. लांबलचक तोंड चालवायचं आणि शेवटाशी आलं की हात जोडायचे.

हे मला ठाऊक होतं, कारण माझे बाबा दिवसभर ती परीक्षणं ऐकायचे. गॅलरीत खुर्ची टाकून, मोबाइल कानाशी धरून, एकामागून एक. हिरो कोण, गाणी कशी, याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं. त्यांना एवढंच हवं होतं, की शेवटच्या राउंडमध्ये कोच टॉवेल टाकतो की नाही.

हे जरा सांगायला हवं. बॉक्सिंगमध्ये रिंगच्या कोपऱ्याशी कोच उभा असतो आणि त्याच्याजवळ टॉवेल असतो. घाम पुसायला असतो, आणि आणखी एका कामाला. आपला पोरगा फार मार खातोय असं दिसलं की कोच तो टॉवेल रिंगमध्ये फेकतो. मग लढत तिथेच थांबते. पोरगा हरतो, पण आपल्या पायांनी घरी येतो.

बाबांना अजूनही जुनी माणसं लहानूसर म्हणतात. कोराडीच्या वीज केंद्रात ते कोळशाच्या विभागात होते. ड्यूटी संपली की अंगावरची काजळी धुवायची, चहा घ्यायचा आणि कॉलनीतला हॉल उघडून पोरांना बॉक्सिंग शिकवायचं, हा त्यांचा नेम होता. त्यांचा टॉवेल हलका म्हणून प्रसिद्ध होता. पोराच्या भुवईतून रक्त आलं, पाय जरा लटपटले, की टॉवेल रिंगमध्ये. कॉलनीत थट्टा चालायची, की लहानूसर पोरांना जिंकायला शिकवत नाहीत, वेळेवर घरी जेवायला यायला शिकवतात. बाबा हसायचे. दोरीखालून आत जायच्या आधी ते प्रत्येक पोराला विचारायचे, टॉवेल कोणाचा? पोरानं म्हणायचं, तुमचा, सर. त्याशिवाय कुणाला आत सोडत नसत.

मग माझा मोठा भाऊ धम्मानंद लढायला लागला. तो चांगला होता, बहीण म्हणून सांगत नाही. राज्य स्पर्धेच्या उपांत्य फेरीत बाबांनी त्याच्यासाठी टॉवेल टाकला, आणि लोकांनी बाबांना सोडलं नाही. बापाचं काळीज आडवं आलं म्हणे. दुसऱ्याचा पोरगा असता तर लढू दिला असता म्हणे. दादा कित्येक दिवस बाबांशी धड बोलला नाही. सगळी थट्टा हसण्यावारी नेणाऱ्या बाबांना एवढी एक नेता आली नाही. ते त्यांच्या आत जाऊन बसलं.

पुढच्या वर्षी दादा अंतिम लढतीत पोचला. त्या दिवशी बाबांनी त्याला तो प्रश्न विचारलाच नाही. दादाच म्हणाला, "आज टॉवेल माझा, बाबा." आणि बाबांनी मान हलवली.

मी प्रेक्षकांत होते. पहिला राउंड दादाचा होता, दुसरा बरोबरीचा. तिसऱ्यात तो दोरीला टेकला आणि समोरचा पोरगा मारतच सुटला. दादानं दोनदा आमच्या कोपऱ्याकडे पाहिलं. बाबांचा हात टॉवेलवर गेला होता. माझ्या शेजारची माणसं म्हणाली, पाहा, बापाला सांगतोय, टाकू नका. याला म्हणतात जिगर. मलाही तसंच वाटलं. बाबांनी टॉवेलवरचा हात काढला. पंचानं मध्ये पडेपर्यंत दादा पडला होता, आणि पडताना त्याचं डोकं आपटलं होतं.

डोक्यात रक्ताची गाठ झाली. ऑपरेशन झालं, दादा वाचला. उजवा हात छातीशी मुडपून राहिला, उजवा पाय ओढत चालतो, आणि शब्द एकेक करून, वाट पाहायला लावून येतात. पाणी मागतो, पंखा हळू करायला सांगतो, क्रिकेट लागलं तर शिव्याही घालतो. पण त्या लढतीबद्दल नऊ वर्षांत एक अक्षर नाही. बाबांनी हॉलची किल्ली दुसऱ्याला देऊन टाकली. टॉवेल तेवढा खांद्यावर राहिला, नुसता सवयीनं.

असे आम्ही. आणि एका शनिवारी बाबा म्हणाले, की उद्या धम्माले घेऊन तो पिक्चर पाहून येतो. आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "माह्या घरात रोजच चालू आहे तो पिक्चर. मले तिकीट काढून नाई पाहाचा." मी तर भांडलेच. म्हटलं, तुम्हाला शेवट पाहायचा तर तुम्ही जा, त्याला कशाला रिंगसमोर नेऊन बसवता?

बाबा म्हणाले, "नऊ वर्षं झाले वं, प्रीती. त्याले पाहून काही आठवन, एखादा शब्द तर बोलन तो. मले शिवी देली तरी चालन."

मी तिघांची तिकिटं काढली.

दुपारचा खेळ होता. दादाला आमच्या दोघांच्या मध्ये बसवलं. लढती सुरू झाल्या की तो हनुवटी खाली घ्यायचा आणि डावा खांदा पुढे करायचा, खुर्चीतल्या खुर्चीत. बाबा पडद्याकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त पाहत होते. मध्यंतरात मागच्या रांगेत कॉलेजातल्या पोरांची चर्चा रंगली. एकाला सगळं खोटं वाटत होतं, कारण एवढा मार खाऊन कुणी उभा राहत नाही. दुसरीचं म्हणणं, मनात आणलं तर माणूस काहीही करू शकतो. दादा शांतपणे पॉपकॉर्न खात होता. एकेक दाणा, डाव्या हातानं.

मग तो शेवट आला, ज्याच्यासाठी बाबांनी एवढी परीक्षणं ऐकली होती. हिरो दोरीला टेकलेला, चेहरा रक्तानं माखलेला. कोचनं टॉवेल उचलला. हिरोनं सुजलेल्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली, नको. गाणं सुरू झालं. कोचनं डोळे पुसले आणि टॉवेल परत खांद्यावर टाकला. अख्ख्या थेटरात टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या.

बाबा उभे राहिले. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी काढला आणि पडद्याकडे फेकला. सगळा जोर लावून फेकला, पण टॉवेलच तो, किती लांब जाणार. दोन रांगा पुढे एका माणसाच्या डोक्यावर जाऊन पडला. आधी जवळची माणसं हसली, मग लांबची. कुणीतरी ओरडून सांगितलं, की काका, पिक्चर आहे, खाली बसा. एक-दोन मोबाइल आमच्याकडे वळले. पडद्यावर हिरो जिंकला, त्याला सगळ्यांनी खांद्यावर घेतलं. दादा पडद्याकडे पाहतच नव्हता. तो बाबांकडे पाहत होता.

तो पुढचा माणूस भला होता. बाहेर पडताना त्यानं टॉवेलची घडी करून आणून दिली आणि म्हणाला, लय मनावर घेतलं काका तुम्ही. संध्याकाळी घरी बाबा दादासमोर चहाचा कप धरून बसले. कपातला चहा थंड होऊन त्यावर साय आली. दादानं पंखा हळू करायला सांगितला, बाकी काही नाही. मला इतकं वाईट वाटलं, की मी उठून माझ्या खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात रितिकानं मला एक व्हिडिओ पाठवला, खाली हसण्याची चित्रं. पडद्याच्या उजेडात एक म्हातारा माणूस उठतो आणि टॉवेल फेकतो, एवढंच. माणूस कोण ते तिला माहीत नव्हतं. खाली लोकांनी मतं दिली होती, आणि तिथेही दोन तटच. कुणी म्हणे, याला म्हणतात सिनेमाची ताकद. कुणी म्हणे, म्हाताऱ्याला पैसे देऊन बसवलाय, सगळी जाहिरात. एकीनं लिहिलं होतं, हिरोपेक्षा काकांनीच जास्त ओव्हरअ‍ॅक्टिंग केली. मी रितिकाला एवढंच लिहिलं, की ते माझे बाबा आहेत. ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. तिला बसायला सांगण्याइतकी मी त्या दिवशी चांगली नव्हते. अर्धी सुट्टी टाकून मी निघाले. हा व्हिडिओ घरच्यांना दिसू द्यायचा नाही, एवढंच डोक्यात होतं.

पण चारुलताकाकू माझ्याआधी पोचल्या होत्या. कौतुकानं वर येऊन त्यांनी तो बाबांच्या मोबाइलवर टाकून दिला होता. मी दार उघडलं तेव्हा दादा दिवाणावर बसला होता, डाव्या हातात मोबाइल. समोरच्या खुर्चीत बाबा. व्हिडिओतली माणसं हसत होती. ती थांबली की दादा अंगठ्यानं परत सुरू करायचा. परत बाबा उठायचे, परत टॉवेल उडायचा. आईनं मला हळूच सांगितलं, जेवण झाल्यापासून हेच चाललंय. मी मोबाइल काढून घ्यायला पुढे झाले, तर बाबांनी मला हातानंच थांबवलं.

दादानं मान वर केली.

"बाबा," तो म्हणाला. मग ओठ हलत राहिले. आम्ही थांबलो, त्याच्याशी बोलताना थांबावंच लागतं. "त्या दिवशी... मी पायलं. तुमच्याकडे. दोनदा."

"हाव," बाबा म्हणाले.

"टाका... म्हणून."

मी खाली बसले. नऊ वर्षं आम्ही सगळे एकच समजून चाललो होतो, की तो नको म्हणत होता. शेजारपाजारी, नातेवाईक, सगळ्यांना मी हेच सांगितलं होतं, पोरानंच टाकू दिला नाही, बाबा काय करणार. आताही तेच माझ्या तोंडाशी आलं. दादा, तूच म्हणाला होतास ना टॉवेल माझा, मग त्यांना कसं कळणार होतं? मला बाबांना वाचवायचं होतं. पण बाबांनी मला बोलूच दिलं नाही.

"मले समजलं होतं, बेटा," ते म्हणाले. "तवाच समजलं होतं. लोकं काय म्हणतीन म्हणून नाई टाकला."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिनं पदर तोंडाला लावला. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते, खांद्यावर टॉवेल असून. मला त्यांचा राग आला. इतका राग मला त्यांचा कधीच आला नव्हता, आणि इतकी मायाही.

दादा त्यांच्याकडे पाहत राहिला. मग डाव्या हाताचा जोर लावून तो दिवाणावर थोडा सरकला, एका माणसापुरती जागा झाली. बाबा उठून तिथे बसले.

दादानं मोबाइल दोघांच्या मध्ये धरला आणि व्हिडिओ परत सुरू केला. बाबा उभे राहिले. टॉवेल उडाला. थेटरातली माणसं हसली, आणि ते दोघं, टॉवेल खाली पडेपर्यंत, त्याच्याकडे पाहत राहिले.